भाकरीचं वजन

“घरबसल्या मोबाईलवर आहारशास्त्र शिकता येतं का हो? आणि शिकून स्वयंपाकघरात काय फरक पडतो?”

शहरातल्या छावणी भागात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला बायकांनी अनेकदा विचारला आहे. विचारणारी बहुतेक वेळा बारावी झालेली किंवा पदवी अर्ध्यावर सुटलेली असते. लग्न झालेलं, मुलं शाळेत, दुपारचे दोन-अडीच तास हाताशी. छावणीला लागूनच नागसेनवन आहे आणि तिथं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं मिलिंद महाविद्यालय १९५० पासून उभं आहे. महाविद्यालय इतकं जवळ असूनही ज्यांना तिथं जाऊन बसता येत नाही, त्यांच्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम ही मोठी सोय आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हे सगळं प्रकरण लागणार आहे.

१. अभ्यासक्रम म्हणजे नेमकं काय?

केंद्र सरकारनं जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू केलं. तिथल्या प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात: चित्रफितीवरचं व्याख्यान, वाचायचा मजकूर, स्वतःची परीक्षा घ्यायचे प्रश्न आणि शंका विचारायची जागा. नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट असतं. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. याशिवाय १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, अन्न व पोषण या विषयाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे.

माहितीपत्रकात ‘क्रेडिट’ हा शब्द दिसतो आणि तिथंच पुष्कळ जणी अडतात. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या वेळेचं माप. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास धरतात. चार क्रेडिटचा अभ्यासक्रम म्हणजे १२० तास. तो बारा आठवड्यांत संपवायचा तर आठवड्याला दहा तास होतात. रविवार सोडला तर रोजचा दीड तास आणि वर दहा मिनिटं. एवढा वेळ खरोखर निघतो का, हे नाव नोंदवण्याआधी घड्याळाकडे बघून ठरवा. पहिल्या आठवड्यात उत्साहानं चार तास आणि पुढं महिनाभर काहीच नाही, असं झालं की अभ्यास सुटतो.

भाषेची अडचण खरी आहे. बरीच व्याख्यानं इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. त्यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: वहीचं शेवटचं पान शब्दांसाठी राखून ठेवा. प्रोटीन म्हणजे प्रथिनं, कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदकं, फॅट म्हणजे स्निग्ध पदार्थ, फायबर म्हणजे तंतू, आयर्न म्हणजे लोह. तीसेक शब्द झाले की व्याख्यान अंगवळणी पडतं.

२. आकडे येतात कुठून?

आहारशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी आकडे असतात. शंभर ग्रॅम ज्वारीत इतकी प्रथिनं, इतकं लोह. हे मोजलं कोणी?

भारतातलं हे काम १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेत सुरू झालं. पुढं ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने आणून, दळून, तपासून काढलेले हे आकडे आहेत. तुमच्या अभ्यासक्रमातला तक्ता परदेशी असेल तर तो बाजूला ठेवून हा वापरा. ओट्सपेक्षा आपल्याला ज्वारीचा आकडा जास्त कामाचा.

कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत कमला सोहोनी यांनीही काम केलं होतं. त्या मूळच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, तोही त्यांनी घेतला आणि दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम करून दाखवलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या आणि पुढं मुंबईत नीरेसारख्या गरिबाला परवडणाऱ्या पेयांचा अभ्यास केला. आज आपण घरात बसून एका बोटानं प्रवेश घेतो, तेव्हा या बाईंची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

३. गुरुवारचा बाजार आणि मेथीची जुडी

ऑनलाइन शिक्षणात एक उणीव राहते, ती प्रयोगशाळेची. छावणीत ती उणीव दर गुरुवारी भरून निघते, कारण त्या दिवशी इथं आठवडी बाजार भरतो. भाज्यांचे ढीग, मिरच्यांचे वाटे, ज्वारी-बाजरीची पोती. अभ्यासक्रमातला पहिला धडा मी तिथूनच घरी आणला.

मेथीची एक जुडी घेतली. घरी येऊन डिजिटल काट्यावर ठेवली, तर ४१० ग्रॅम भरली. मग निवडायला बसले. मुळं, माती, जाड देठं, पिवळी पानं काढल्यावर उरलेली कोवळी भाजी परत तोलली: १९० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त जुडी टोपलीत गेली होती. शास्त्रात याला ‘खाण्याजोगा भाग’ म्हणतात आणि तक्त्यातले आकडे या भागाचेच असतात. जुडीच्या वजनावरून हिशेब केला असता तर पोटात गेलेलं लोह दुपटीहून जास्त दिसलं असतं.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. तक्त्यात तूरडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. एखादी म्हणते, मी वाटीभर वरण खाल्लं, दीडशे ग्रॅम तरी असेल, म्हणजे ३३ ग्रॅम प्रथिनं झाली. पण तक्त्यातला तो आकडा कोरड्या डाळीचा. वाटीभर पातळ वरणात डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, बाकीचं पाणी. प्रथिनं मिळाली सव्वातीन ग्रॅम. म्हणून वजन करायचं ते शिजवण्याआधी, आणि मग घरातल्या माणसांत वाटायचं.

४. दिवसभराचं ताट

आता पुऱ्या दिवसाचा हिशेब करू. अभ्यासक्रमात ‘चोवीस तासांची आठवण’ नावाचा गृहपाठ असतो. समोरच्या माणसाला काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण माणूस जेवण सांगतो आणि मधलं विसरतो. चहातली साखर, फोडणीचं तेल, शेंगदाणे भाजताना तोंडात टाकलेली मूठ, मुलाच्या ताटात उरलेला घास. हे खोदून विचारावं लागतं. तेही न रागावता, न हसता. ‘एवढंच?’ असा एक शब्द आपल्या तोंडून गेला की समोरची बाई पुढचं खरं सांगत नाही.

मी हा गृहपाठ घरापासून सुरू केला. सासूबाई भाकरी करत होत्या. मुठीनं पीठ घ्यायचं, परातीत मळायचं, थापायचं. मी प्रत्येक मूठ काट्यावर ठेवायला मागितली. “पिठाला कुठं काटा लावतात का गं?” म्हणाल्या, पण दिली. ५८ ग्रॅम, ६३, ६१, ५९. चाळीस वर्षांच्या हाताला काट्याची गरज नव्हती. मला मात्र होती, कारण त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरची एक भाकरी साठ ग्रॅम पिठाची, हे मला कळलं.

आता घरातली एक बाई धरा. दिवसाला ज्वारीच्या चार भाकरी, दोन वाट्या पातळ वरण (३० ग्रॅम तूरडाळ), ५० ग्रॅम निवडलेली मेथी, चटणी-कुटातले २० ग्रॅम शेंगदाणे, चहाचं १५० मिलीलीटर दूध, चार चमचे साखर, चार चमचे तेल.

प्रथिनं मोजू. भाकरीतून सुमारे २४ ग्रॅम, डाळीतून साडेसहा, शेंगदाण्यांतून पावणेपाच, दुधातून पाच, मेथीतून दोनच्या आसपास. बेरीज ४२. यातला भाकरीचा वाटा बघा. ‘प्रथिनं म्हणजे डाळ’ असं आपण घोकलेलं असतं, पण या ताटात निम्म्याहून जास्त प्रथिनं ज्वारीनं दिली. तितकाच तांदूळ घेतला असता तर हा वाटा १९ ग्रॅमवर आला असता आणि लोह भाकरीच्या साडेनऊ मिलीग्रॅमवरून दीडवर घसरलं असतं.

मग डाळ कशाला, असं कोणी विचारेल. प्रथिनं ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. फुलांचे हार करायला बसलात असं समजा. एका हाराला दहा झेंडू आणि दोन गुलाब लागतात. झेंडू पोतंभर आहेत, पण गुलाब चारच आहेत, तर हार दोनच होणार. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते इथलं गुलाबाचं फूल. डाळीत लायसिन भरपूर असतं, पण मेथिओनिन कमी, आणि ते ज्वारीत पुरेसं असतं. भाकरीबरोबर वरण आलं की हार पुरे होतात. आपल्या आज्यांना ही नावं ठाऊक नव्हती, तरी ताट बरोबर लागत होतं. पण त्या ताटात डाळ किती, हा प्रश्न उरतोच. दोन पातळ वाट्या मला कमी वाटतात.

उष्मांक, म्हणजे कॅलरी, मोजले तर तेल-साखर धरून १,४०० च्या जवळपास येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला १,६६० आणि मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला २,१३० उष्मांक सांगितले आहेत. पाणी भरणं, धुणी-भांडी, चार घरची कामं करणारी बाई बैठी कशी म्हणायची? तिला इथं सातशे उष्मांक कमी पडतात. आणि उष्मांक कमी पडले की प्रथिनांचीही नासाडी होते. चुलीत सरपण नसेल तर घराच्या चौकटी जाळाव्या लागतात, तसं शरीर प्रथिनं जाळून दिवस काढतं. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली आणि लाल मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले, ते मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. उपाशी माणसाला आधी पोटभर लागतं, बाकीचं शास्त्र त्यानंतर.

५. ‘गरज’ कोणाची?

बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत असं पुस्तक म्हणतं आणि आपली बेरीज ४२ आली. म्हणजे ती नापास झाली का?

इथं अभ्यासक्रमातली सगळ्यात नाजूक कल्पना येते, आणि बहुतेक जणी ती घाईत ओलांडतात. पंगतीचं उदाहरण घ्या. शंभर माणसं जेवायला येणार. कोणी दोन पोळ्या खातो, कोणी सहा. प्रत्येकाच्या पानात मोजून सारख्याच पोळ्या वाढायच्या आहेत, परत वाढायची सोय नाही. मधल्या भुकेचा अंदाज घेऊन चार वाढल्या तर निम्मे लोक तृप्त होतील आणि निम्मे अर्धपोटी उठतील. हा झाला ‘सरासरी गरजेचा’ आकडा. जवळजवळ कोणीच उपाशी उठू नये म्हणून सहा वाढल्या, तर तो झाला ‘शिफारशीचा’ आकडा. त्यात शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांची गरज भागते.

५५ किलोच्या बाईसाठी प्रथिनांची सरासरी गरज ३६ ग्रॅम आहे आणि शिफारस ४६. आपली ४२ या दोन्हींच्या मध्ये बसते. तिला पुरत असण्याची शक्यता बरीच आहे, खात्री नाही. एक अंडं किंवा दोन मुठी फुटाणे वाढवले की चिंता मिटते.

लोहाचं चित्र वेगळं आहे. सरासरी गरज १५ मिलीग्रॅम आणि शिफारस २९. एवढी दरी का? पाळीतला रक्तस्राव बाईगणिक फार वेगळा असतो म्हणून. आपल्या ताटात लोह आलं जेमतेम १४ मिलीग्रॅम, म्हणजे सरासरीच्याही खाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत, सगळं ताटावर ढकलता येत नाही. पण ताट इतकं उणं असताना त्याच्याकडे न बघणंही बरोबर नाही.

६. लोह वाढवायचं कसं?

खाल्लेलं सगळं लोह रक्तात जात नाही, धान्या-भाज्यांतलं तर थोडंच जातं. जेवताना लिंबू पिळलं किंवा पेरूची फोड खाल्ली तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे त्याचं शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. चहा सोडा असं मी कोणाला सांगत नाही, तासभर थांबा एवढंच सांगते. मटणातलं लोह मात्र शरीर सहज घेतं. अभ्यासक्रमातल्या नमुन्याच्या आहारात इडली आणि पनीर पुष्कळ असतं. आपल्या शहरातल्या नान खलिया या मटणाच्या जेवणाचा हिशेब त्यात कुठं सापडत नाही. तो आपल्यालाच मांडावा लागतो, आणि ज्यांच्या घरी तो होतो त्यांनी जरूर मांडावा.

धान्यातही निवड आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलीग्रॅम लोह असतं, नेहमीच्या वाणांत ३० च्या आसपास. हिवाळ्यात आपण बाजरीकडे वळतो तेही चांगलंच, बाजरीत ज्वारीपेक्षा लोह जास्त असतं.

आणि रक्तक्षय म्हणजे फक्त लोह, असंही नाही. डॉ. लूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. विल्स त्यांच्या घरी काय शिजतं ते बघत होत्या. कुठल्या बायकांना तो होतो, कुठल्यांना होत नाही, त्यांच्या जेवणात फरक काय, हे त्यांनी तपासलं. प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी ‘मार्माईट’ हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक आम्ल. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी लोह-फोलिक आम्लाची गोळी घेताना कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिला ही मुंबईची हकिगत सांगा.

७. प्रमाणपत्र हातात आल्यावर

इथं मी स्पष्ट बोलणार आहे. काही महिन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमानं कोणी आहारतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी विषयातली पदवी, पुढचं शिक्षण आणि रुग्णालयातला अनुभव लागतो. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावून मधुमेहाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णाला आहार लिहून देणं धोक्याचं आहे. मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला ‘प्रथिनं वाढवा’ असा सल्ला घातक ठरू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका घरात अशा सल्ल्यापायी माणूस दवाखान्यात पोचला होता, तेव्हापासून मी याबाबतीत कोणाची भीड ठेवत नाही.

अंगणवाडीच्या सेविकेला, शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या ताईला, खानावळ चालवणाऱ्या बाईला आणि मुलांच्या डब्याची काळजी असलेल्या प्रत्येक आई-बापाला मात्र हे शिक्षण आजपासून उपयोगी आहे. कमी पैशांत कुठं काय वाढवायचं, हे त्यांना कळतं. पाव किलो फुटाण्यांच्या पैशात महागडी प्रोटीन पावडर किती येते, हा हिशेब त्यांना स्वतः करून बघता येतो.

नाव नोंदवण्याआधी एक काम करा. येत्या आठवड्यात तीन दिवस घरातल्या भाकरीचं किंवा पोळीचं पीठ, कोरडी डाळ आणि निवडलेली भाजी शिजवण्याआधी तोला आणि वहीत लिहा. तेलाची बाटली महिन्याच्या एक तारखेला किती भरलेली होती तेही लिहून ठेवा. पुढच्या प्रकरणात तेलाचा हिशेब करायचा आहे, तेव्हा हे आकडे लागतील.